बुजू न दिलेली जखम

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी मालवणच्या बाजारात कोणाच्या बोटाला मळकी चिंधी गुंडाळलेली दिसली की माझे हात अजून शिवशिवतात. सोडून बघावी, धुवावी, नीट बांधून द्यावी असं वाटतं. सून म्हणते, "आई, तुम्ही मासळी बघा, माणसं बघू नका." पण खोड जात नाही. सरकारी दवाखान्यात औषधं डॉक्टरांनी दिली, कौतुकही त्यांचंच झालं, आणि जखमा नर्सच्या, म्हणजे माझ्या वाट्याला आल्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्या किनाऱ्यावरच्या जखमांची तऱ्हाच वेगळी. कोणाच्या पायात पाकट माशाचा काटा, कोणाचे तळवे कालवांनी कापलेले, कोण माडावरून घसरून छाती सोलून घेतलेला. एकदा एक तांडेल, होडीवरचा म्होरक्या, कानाच्या पाळीत गळ अडकवून आला. अशा वेळी गळाचं टोक कापून तो उलटा काढायचा असतो. मी पक्कड घेतली तसा तो ओरडला, "बाय, कान होयो तितको कापा, पण गळ मोडू नकात. कालच इकत घेतलंय!" मी गळ मोडला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बांगडे मात्र न चुकता पाठवायचा.

आता जखम बरी होते म्हणजे काय होतं, ते सांगते. शरीराला उघडं राहिलेलं काही खपत नाही. तळातून लाल, दाणेदार मांस भरत येतं आणि कडा एकमेकींकडे सरकत जातात. कोणी सांगायला लागत नाही. नर्सने घाण दूर ठेवायची आणि त्या कामात लुडबुड करायची नाही, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. याच्या उलट काम कधी करावं लागेल असं कोणी म्हणालं नव्हतं. ते मी देवबागच्या एका घरात शिकले. तिथे जखम भरू द्यायची होती, पण बुजू द्यायची नव्हती.

हे मी जिची गोष्ट आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. "नाव बदल, बाकी सगळा खरा लिव," असं तिने सांगितलं. तेव्हा तिला शेवंती म्हणू. आईबापांनी ठेवलेलं मुलग्याचं नाव मला माहीत आहे. पण तिने ते टाकून दिलं, मी कशाला उचलू?

गोवा नुकताच मोकळा झाला होता आणि आम्ही अजून रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. मे संपत आला होता, आगबोटी बंद व्हायच्या बेताला होत्या. अशात एके सकाळी देवबागची मथुरा दवाखान्याच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. मासळीची पाटी डोक्यावर तशीच. बाजारात जिचा आवाज पार धक्क्यापर्यंत जायचा ती बाई कुजबुजत होती.

"नरसबाय, माज्या घराक येशात? मुंबैक झील धाडललंय. चेडू परत इला."

मुलगा पाठवला आणि मुलगी परत आली, म्हणजे काय ते मला कळेना. मी तिला आत बसवून पाणी दिलं. मग हळूहळू उलगडा झाला. तिचा धाकटा, लोक ज्याला तिचा धाकटा म्हणत ती शेवंती, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होती. तिथे एक सर्जन होते. लढाईच्या काळात ते विलायतेत होते आणि भाजलेल्या, फाटलेल्या शिपायांना एका जागची कातडी काढून दुसऱ्या जागी लावायचं काम शिकून आले होते. शेवंतीने त्यांचा पिच्छा पुरवला. मी बाई आहे, मला तसं करा. त्यांनी हाकललं, मग ऐकून घेतलं, मग मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि शेवटी तयार झाले. पुरुषाचं अंग काढून त्यांनी तिथे बाईचं अंग घडवलं. आत जी वाट केली तिला तिच्याच मांडीच्या कातडीचं अस्तर लावलं. पण ज्या वॉर्डात तिने स्ट्रेचर ढकलले तिथलेच लोक पडद्याआडून डोकावायला लागले. तेव्हा ती म्हणाली, मला घरी जाऊ द्या. शेवटच्या आगबोटींपैकी एकीवर कुशीवर पडून ती आली.

मी हे सगळं आमच्या डॉक्टरांना सांगितलं. म्हातारा भला माणूस होता. चष्मा पुसत म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं?"

"नाही."

"मग जा. दोघांपैकी एकाने तरी शिकून घ्यावं."

देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची पट्टी. मथुराचं घर खाडीच्या अंगाला होतं. नवरा समुद्रात गेलेला तो परत आला नव्हता, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष म्हणजे थोरला दीर, भिवाकाका. तो खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळं शिवत बसला होता. माझ्याकडे न बघता बोलला.

"नरसबाय, तुमी तुमचा काम करा. पण एक आयकून ठेवा. देवाक ह्या मान्य आसात तर ऱ्हवात. नसात तर आपसूक बुजतला. आणि बुजला काय तिना शर्ट घालून मुंबैक जावचा. मगे ह्या घरात लुगडां नेसून ऱ्हवाचा नाय."

त्याला हे बुजण्याचं कोणी सांगितलं कोण जाणे. पण म्हणाला ते खरं होतं. सर्जननेही शेवंतीला बजावलं होतं, वाट एकदा बुजली तर पुन्हा करणं जवळजवळ अशक्य. म्हणजे तिचं शरीर आणि तिचं घर, दोन्ही त्या एका गोष्टीवर टांगलेली.

आत गेले आणि मला हसूच आलं. दारंखिडक्या बंद, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याचा धूर आणि शेवंतीच्या कानांवरून करकचून बांधलेलं फडकं. मथुराने तिचं बाळंतपण मांडलं होतं!

"मथुरा, अगो ही बाळंतीण नाही."

"न्हय कशी?" ती म्हणाली. "पयल्या टायमाक तिका काय होया ता इचारूक तिका तोंड नव्हता. ह्या टायमाक तिनाच सांगल्यान. मगे जल्म झालो काय नाय? बाळंतपण मीयाच करतलंय."

शेगडी मी खाटेखालून काढली. कानाचं फडकं राहू दिलं, त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. शेवंती फडक्यातून हसत होती. पंचविशीची, उंच, हाडकुळी, आवाज जाडसर. इस्पितळात राहून सगळ्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. मी हात धुवेपर्यंत तिने मला धडा देऊन टाकला. कोमट मिठाच्या पाण्यात बसवायचं, अमुक ठिकाणी चोळायचं नाही, लघवीची धार बारीक झाली तर लगेच सांगायचं.

मग मी पट्टी उचलली आणि हातातला चिमटा तसाच राहिला.

मी बाळंतपणं केली होती, समुद्राने फेकून दिलेली माणसं धुतली होती. पण माणसाच्या हातांनी असं काही केलेलं पाहिलं नव्हतं. नव्या पदराला काठ लावावा तसे बारीक टाके. सूज होती, काळंनिळंही होतं, पण खाली मांडीची कातडी नव्या जागी रुजली होती. गुलाबी होती, जिवंत होती. तिला कोणी सांगितलं असेल, की आता तू मांडी नाहीस? शरीर इतकं हट्टी आणि तरी इतकं ऐकणारं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. मी नकळत नमस्कार केला. कोणाला केला ते माहीत नाही.

वाट बुजू नये म्हणून आत एक साचा ठेवायचा होता. दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला गरम पाण्यात मऊ होणारं तांबूस मेण वापरतात, त्याचा हा गुळगुळीत साचा. त्यावर रबराची टोपी चढवायची, ग्लिसरीन लावायचं, रोज काढून धुवायचा आणि परत बसवायचा. काही महिने तरी. दुखायचं. शेवंती तोंडात पदराचा बोळा धरायची, पण स्वतःच करायची. टोप्यांची सोय माझ्याकडे होती. सरकारने कुटुंबनियोजनासाठी पाठवलेली पाकिटं लाजेने कोणी नेत नसे, कपाटात पडून होती. त्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यातून ती कोणी नेली असतील तर ती मी.

गावात काय, चार दिवसांत सगळ्यांना सगळं कळलं. एक शेजारीण तिसळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन आली आणि उंबऱ्यातच मला विचारू लागली, "बाय, हेका आता पोरां होतली?"

"नाही होणार."

"मगे इतक्या दुखण्यात काय अर्थ?"

आतून शेवंती बोलली, "काकी, माका पोरां नको होती. माका मी होयी होतंय."

शेजारणीला ते कितपत समजलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी तिने सोलकढी पाठवली. आणखी एक जण म्हणाला, आमच्या दशावतारातही पुरुष लुगडी नेसतात, त्यात काय एवढं. त्यावर मात्र शेवंती चिडली. "ते लुगडां नेसतत तेवा सोंग घेतत," म्हणाली. "मी शर्ट घाली होतंय, ता सोंग होता."

आषाढात पाऊस असा लागला की मालवणहून देवबागला जायची वाट पाण्याखाली गेली. काही दिवस मला जाता आलं नाही. उघडीप मिळताच दुपारी पोचले, तर घरात मयत झाल्यासारखी शांतता. मथुरा भिंतीशी बसून कपाळ बडवत होती.

झालं होतं ते असं. सकाळी शेवंतीने साचा काढून धुतला आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला. आमच्याकडे बाळंतिणीच्या अंगाला लागणारं प्रत्येक फडकं निखाऱ्यांवर पाटी उपडी घालून तिच्यावर पसरतात आणि ओवा-वेखंडाची धुरी देतात, मग तिला देतात. मथुराने ते फडकं तसंच उचलून पाटीवर ठेवलं. सोडून बघितलं तेव्हा साच्याची तांदळाची भाकरी झाली होती.

"माज्याच हातान," ती म्हणत होती. "माज्याच हातान केलंय गो."

मी पाणी उकळून तो गोळा परत वळायचा प्रयत्न केला. मेण जळलं होतं, हातात त्याचा भुगा होत होता. शेवंतीला तपासलं. आधी जिथे साचा सहज जायचा तिथे आता माझं बोट अडत होतं. एवढ्या थोड्या वेळात! ज्या शरीरापुढे मी हात जोडले होते तेच आता तिच्या मुळावर आलं होतं. आगबोटी बंद, घाटातून एसटीने मुंबई गाठायची तर तिला बसवणार कशी? आयुष्यात मला इतकी भीती क्वचित वाटली आहे.

शेवंतीने डोळे मिटून घेतले होते. तशीच म्हणाली, "डॉक्टर एकदा बोलललो. काय गावला नाय तर मेणबत्ती चलात. पण जाडी होयी."

दुकानातल्या मेणबत्त्या करंगळीएवढ्या. जाड मेणबत्त्या खाडीपलीकडच्या एका ख्रिस्ती घरात असायच्या, फेस्तासाठी, त्यांच्या सणासाठी, गोव्याहून आणून ठेवलेल्या. खाडी लाल पाण्याने फुगली होती. होडी होती भिवाकाकाची.

मथुरा उठली. दिराशी ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती. खळ्याच्या मांडवात तो जाळं शिवत बसला होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, बुजाक लागला."

"मगे देवाची मर्जी," तो म्हणाला.

"ह्या जाळां फाटला ती कोणाची मर्जी होती?"

त्याची सुई चालूच होती.

"फाटला ता फाटला म्हणान सोडून दिलास? रोज शिवतास ना? थंय देवाक इचारतास?"

पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा वाजत होता. भिवाकाकाने हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली, इरलं डोक्यावर घेतलं आणि होडीकडे चालायला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मथुरा तिथेच उभी होती. मी तिला धरून आत आणलं.

तो आला तेव्हा दिवस कलला होता. अंगावरचं पाणी निथळत होतं, पण छातीशी धरलेलं पुडकं कोरडं होतं. त्याने ते उंबऱ्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. आत तीन मेणबत्त्या होत्या, एक बारीक, एक मध्यम, एक जाड.

"किती जाड ता माका ठाव नाय," तो पाठमोराच म्हणाला. "इचारूची लाज वाटली. म्हणान तीनय हाडलंय."

त्या लाजेने शेवंतीला वाचवलं. आवळत चाललेली वाट एकदम जाड साच्याने उघडायला गेलो असतो तर फाटली असती. आधी बारीक, मग मध्यम, मग जाड, असंच जावं लागतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने तीन आणल्या नसत्या तर मला सुचलंही नसतं. मी गरम पाण्यात टोकं गोल केली, टोपी चढवली. मथुराने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्या दिवशी बारीक मेणबत्ती बसवताना शेवंती किंचाळली, आणि तिच्याहून मोठ्याने मथुरा. मग दोघी हसायला लागल्या. मला वाटलं यांना वेड लागलं.

त्यानंतर मी कधीही गेले की खळ्यातून एकच प्रश्न यायचा.

"खयची चल्ली हा?"

"बारीक."

पुढच्या खेपेला, "खयची?"

"मधली."

याउपर तो काही विचारत नसे आणि मीही सांगत नसे. ज्या दिवशी मी "जाडी" म्हटलं त्या दिवशी तो उठला, पाय धुऊन आला आणि बराच वेळ खाडीकडे तोंड करून बसला.

मांडीवरची जखम भरली, वरचे टाके विरघळले. एका सकाळी मी मथुराचा टीचभर आरसा शेवंतीपुढे धरला. तोवर तिने स्वतःला बघायचं टाळलं होतं. तिने बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आये, ह्या बघ," आणि आरसा आईकडे केला. मथुराने वाकून बघितलं आणि नुकत्या जन्मलेल्या पोराचं बघावं तसं कौतुकाने म्हणाली, "बरा आसा गो." मी उगाच पट्ट्यांची गुंडाळी करत बसले. अशा वेळी नर्सला काहीतरी गुंडाळायला लागतं.

एक खंत मात्र आहे. त्यानंतर असं कोणी मागच्या दाराशी आलं नाही. असे लोक आमच्या किनाऱ्यावर नव्हते असं मी म्हणणार नाही. आमच्या दाराशी यावं असं त्यांना वाटलं नाही, एवढंच खरं.

नारळी पौर्णिमेला मी देवबागला होते. त्या दिवशी वाडी किनाऱ्यावर जमते आणि समुद्राला नारळ देण्याआधी जाणता पुरुष गाऱ्हाणं घालतो. आमचं गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. कोणाची होडी नवी, कोण आजारी, कोणाची सांभाळणूक करायची, ते नावानिशी सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हा होकार मिळाला की ती गोष्ट सगळ्या वाडीची होते. त्या वर्षी गाऱ्हाणं भिवाकाकाचं होतं. शेवंती हिरवं लुगडं नेसून आईला धरून बायकांच्या मागे येऊन उभी राहिली. घराबाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ. बायका सरकल्या. जागा देत होत्या की दूर होत होत्या, ते मला ओळखता आलं नाही.

भिवाकाकाने होड्यांची नावं घेतली. आजाऱ्यांची घेतली. प्रत्येक नावाला होकार आला. मग तो थांबला. हातातला नारळ त्याने या हातातून त्या हातात घेतला. माणसांशी तो वाटेल ते बोलला असता, पण देवापुढे खोटं नाव घेणारा तो नव्हता.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "माज्या भावाची लेक शेवंती, मोठ्या दुखण्यातसून उठली हा. ती ह्याच घराची आसा आणि ह्याच घरात ऱ्हवतली. तिची रखवाली कर रे म्हाराजा!"

कोणी बोलेना. पुरुष वाळूकडे बघत होते. लाटा येत होत्या, जात होत्या. भिवाकाका नारळ धरून तसाच उभा राहिला. होकार आल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं, आणि जायचंही नव्हतं.

गाऱ्हाण्याला बाईने होकार द्यायचा नसतो. मथुराने दिला. बाजारात सुरमईचा भाव सांगणारा तो आवाज मी त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच पुन्हा ऐकला.

"व्हय म्हाराजा!"

मग ती सोलकढीवाली शेजारीण म्हणाली. मग मी म्हटलं. मग एक म्हातारा, मग त्याचे मुलगे, आणि मग अख्खी वाडी म्हणाली, इतक्या मोठ्याने की होड्यांवरचे कावळे उडाले.

शेवंती तेवढी गप्प होती. जिच्यासाठी गाऱ्हाणं घालतात तिने बोलायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. आईचा हात सोडून ती उभी होती.